मामाचा कॉम्प्युटर पळायला लागला

३ मार्च, सोमवार
मामाच्या दुकानातला कॉम्प्युटर सुरू व्हायला बावीस मिनिटं! मोजली मी — त्याच्याच भिंतीवरच्या घड्याळात. आणि हा माणूस जगाची घड्याळं दुरुस्त करतो! म्हटलं, "मी करते फास्ट."
"तू? कॉलेज अर्ध्यात सोडलंस, नोकऱ्या तीन सोडल्यास. हे तरी पुरं करशील का, भटकभवानी?"
करणार! आणि गुरुवारी पुढच्या गावाला.

४ मार्च
उघडला. आत एवढी धूळ की उशी भरली असती. ब्रशने झाडला, मेमरीची नवी पट्टी बसवली. मध्येच खिडकीत एक मांजर आलं — तासभर त्याच्या नादात. मग सुरुवातीलाच आपोआप उघडणारी सगळी खोगीरभरती उडवली. चौदा प्रोग्राम! आता चाळीस सेकंद.
मामा म्हणतो, "अगं, चष्मा तरी लावू दे!"

५ मार्च
"माझा बुद्धिबळाचा पट कुठाय?"
मेले मी. चौदातला एक तोच!
मामा अकरा वर्षं इंटरनेटवरून कुणाशी तरी त्यावर खेळतोय. रोज सकाळी एक चाल, एक टोमणा. समोरचे एका चालीला अख्खा दिवस लावतात म्हणून मामाने त्यांना ठेवलेलं नाव 'कासव'. खरं नाव माहीत नाही, फोन नाही. कासवालाही मामाचं शहर आणि धंदा, एवढंच ठाऊक. आणि तो खेळ आता कुठे मिळतही नाही.
ओरडला असता तर बरं झालं असतं. नुसतं म्हणाला, "कासवाला वाटेल, मी मेलो."

६ मार्च
गेले नाही. कुठल्या तोंडाने जाणार? पुसलेलं परत आणायचे चार उपाय केले. जुनी बिलं आली, माझा शेंबड्या नाकाचा फोटो आला. पट नाही.
मामा डोळ्याला भिंग लावून बसलेला. समोर घड्याळच नाही!

७ मार्च
काही नाही. कॉम्प्युटर मात्र सुसाट.

१० मार्च
दुपारी दारात एक बाई. पांढरे केस, चपला धुळीने माखलेल्या. "बुद्धिबळ खेळणारे घड्याळवाले इथेच का?" मामा ताडकन उठला.
"वजीर जाणार म्हणून पळालात होय?" म्हणाल्या — आणि खुर्चीत बसून रडल्याच. हे त्यांचं तेविसावं दुकान.
मामाने मला पाणी आणायला पिटाळलं. मी मुद्दाम उशीर लावला.