येरोफेयचा पाय

२८ ऑगस्ट १८७७, बल्गेरिया
लष्करी इस्पितळात आल्या आल्या मुख्य सर्जन कार्ल ओत्तोविच मला म्हणाले, "बाईसाहेब, चहा ओता, पट्ट्या गुंडाळा. सुरीला हात लावायचा नाही."
पीटर्सबर्गच्या मेडिकल कॉलेजात चार वर्षं मुडदे फाडले, ते काय पट्ट्या गुंडाळायला? तोंडावर विचारलं. नुसत्या मिशा हलल्या!

३१ ऑगस्ट
तुर्कांशी लढाई चाललीय त्या प्लेवनाहून जखमींच्या बैलगाड्या येताहेत, येतच आहेत. तंबू भरले, आता गवतावर. सर्जन पुरणार कुठून? दुपारी कार्ल ओत्तोविच स्वतःच ओरडले, "ग्लाफिरा पेत्रोव्ना, सुरी घ्या!"
घेतली.

३ सप्टेंबर
येरोफेय म्हणून एक शिपाई. रियाझानकडचा शेतकरी, तांबूस दाढी. पोटरीतून गोळी आरपार, पू धरलाय. कार्ल ओत्तोविच उभ्याउभ्या म्हणाले, "गुडघ्यावरून कापा."
हाड धड आहे. म्हटलं, नाही कापणार. जखम उघडते, पू काढते, धुते.
"मेला तर डॉक्टरकीची शेवटची परीक्षा विसरा. बायकांची डॉक्टरकीही विसरा!"
एका पोटरीवर समस्त बायकांची डॉक्टरकी! पुरुषांच्या हातून रोज माणसं मरतात, तेव्हा त्यांचं कॉलेज कोण बंद करतं?
येरोफेयनं माझी बाही धरली. "ताई, एका पायावर नांगर कसा धरू?"

४ सप्टेंबर
जखम उघडली. वाटीभर पू. कार्बॉलिक ॲसिडनं धुतली. माझेच हात सोलून निघाले.

६ सप्टेंबर
ताप चढतोच आहे. मला बायको समजून शिव्या घालतोय — गाय कुठे बांधलीस म्हणून! कार्ल ओत्तोविच डोकावले. "अजून हट्ट?"
हो. हट्ट!
बाहेर जाऊन रडले. पाय मात्र कापू दिला नाही.

९ सप्टेंबर
ताप उतरला!! कोबीचं सूप मागितलं. वर कुरकुर — "पातळ केलंय."

१४ नोव्हेंबर
आज येरोफेयनं काठी टाकून तंबूला फेरी मारली. सगळे जखमी ओरडत होते. कार्ल ओत्तोविच म्हणाले, "दैव."
"दैव नाही, पूचा निचरा!" मी म्हटलं. सगळ्यांदेखत!

२ डिसेंबर
हुकूम आला. पाय कापलेले घरी. दोन पायांवर चालणारे परत आघाडीवर, बाल्कनच्या बर्फात.
येरोफेयनं कमरेत वाकून माझे आभार मानले, आणि रांगेत जाऊन उभा राहिला.