चपला काढायची जागा

११ नोव्हेंबर २०२४, सोमवार

कामरगावचं मिशन कंपाउंड मोजून आलो. कागदावर जेवढी जागा, तेवढीच जमिनीवर निघाली – हेच नवल! एकतीस वर्षं बांधकाम खात्यात ओव्हरसियर होतो, असं फार पाहिलं नाही.

काम सरळ आहे. जागा ख्रिस्ती मंडळीची. मधोमध चर्च, बाकी सगळं रान. रविवारी भक्तीला जेमतेम तीस माणसं. त्यांनी ठरवलं, पडीक जागेत गरिबांसाठी बारा घरं बांधायची, भाडं झेपेल एवढंच घ्यायचं, आणि गावातल्या पोरांसाठी एक अभ्यासिका. सहा घरं मंडळीतल्यांना, सहा गावातल्या कोणालाही. परवानग्या आल्यात. नागपूरच्या एका संस्थेनं नकाशासाठी मला धाडलं. मंडळीची सहा घरं रस्त्याकडे, बाहेरच्यांची सहा पूर्वेला कडुलिंबापाशी. बरोब्बर बसलं!

घरं मिळणाऱ्यांच्या यादीत शेवटची सुकेशनी. मंडळीतली नाही. शाळेत खिचडी शिजवते, दोन मुली आहेत, नवरा वारला. या वर्षात तिसऱ्यांदा खोली खाली करायला सांगितलीय. आज टेप धरायला आपणहून आली. माझं घर कुठं येते, विचारलं. कडुलिंबाखाली दाखवलं, तर तिथं पाच मिनिटं नुसती उभी राहिली.

घरी आलो तर वकिलाचा फोन. बोळाची तारीख पुढे गेली. नरेंद्र माझा सख्खा भाऊ, शेजारीच राहतो, आणि दोन घरांमधल्या तीन फुटांच्या बोळासाठी आम्ही नऊ वर्षं कोर्टात! जागा म्हटली की कोणी सोडत नाही. मी तरी का सोडू?

१४ नोव्हेंबर

या लोकांची एक गंमत. पूर्वेच्या कोपऱ्यातून जाताना सगळे चपला हातात घेतात. काटे-गोखरू टोचतात तरी! मी बूट घालून चाललो होतो, तर गोमतीबाईनं हटकलं. बाई ऐंशीच्या पुढे, चर्चची घंटा तीच वाजवते.

काहून, म्हणून मी विचारलं. म्हणाली, "काहून ते मले नाई माहीत. माह्या सासूनं काढल्या, म्हनून मी काढतो."

घ्या! उद्या इथं सहा मोऱ्या होणार आहेत, बाई.

१५ नोव्हेंबर

पाळक देवमन शिकलेले आहेत, त्यांना विचारलं. त्यांनाही कारण ठाऊक नाही. पण त्यांच्याही चपला हातातच होत्या.

२१ नोव्हेंबर

आज पायाचा पहिला खड्डा घेतला. दोन फुटांवर दगड लागला. मग हातभर अंतरावर दुसरा. तिसरा. सगळे सारखे घडवलेले, एका ओळीत. ही नुसती दगडगोट्यांची गोटाड जमीन नव्हे, एवढं मला कळतं. कुदळ थांबवली. माती हातानं सारली – एकोणीस दगड. दोन दगडांमधलं अंतर एवढं कमी, की मोठं माणूस तिथं मावणार नाही.

पाळकांनी चर्चचं कपाट उघडलं. तळाशी जुनी वही. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या दुष्काळात इथं अनाथ लेकरं सांभाळली होती, त्यांची. पाळक वाचायला लागले. "मुलगी, अंदाजे चार वर्षे. नाव सांगता आले नाही." "मुलगा, अंदाजे तीन वर्षे. नाव सांगता आले नाही." असे एकोणीस, पूर्वेच्या कोपऱ्यात पुरलेले. त्यांनी वही मिटली.

जी लेकरं जगली, त्यांचीच ही मंडळी. गोमतीबाईची सासू त्यांच्यातल्याच एकाची लेक. सांगणारे गेले, गोष्ट विसरली गेली – पण पाय विसरले नाहीत! मी बूट कधी काढले, मलाही आठवत नाही.

२२ नोव्हेंबर

काम बंद. खड्डा बुजवला. दुसरीकडे जागा उरत नाही. सहा घरं गेली, म्हणजे मंडळीबाहेरची सहा गेली. सुकेशनीचं गेलं. तिला मीच सांगितलं. ती म्हणाली, "लेकरायवर चूल नाई मांडाव, साहेब." मग खिचडीला उशीर होतो म्हणून निघून गेली.

२४ नोव्हेंबर, रविवार

भक्तीनंतर सभा. मी मागच्या बाकावर. मला वाटलं, हळहळतील, सहा घरांवर समाधान मानतील आणि जेवायला जातील. पाळकांनी तसंच मांडलंही. त्यात वावगं काही नव्हतं.

गोमतीबाई बसूनच बोलली. "मेलेल्यायले जागा देल्ली, चांगलं केलं. मंग जित्यायले काहून नाई? चर्च पाडा. तेथं सहा घरं होतात का नाई, या साहेबाले इचारा."

सगळे माझ्याकडे वळले. होतात. अंगण धरून अगदी सहा होतात. पण या बाईचं लग्न इथं लागलं, नवऱ्याची शेवटची प्रार्थना इथं झाली. तरी होय म्हणून मान हलवली.

पाळक म्हणाले, ज्यांना मान्य असेल त्यांनी उभं राहावं. मुलं धरून सगळे एकतीस जण उभे राहिले. दोघांनी गोमतीबाईला काखेत हात घालून उठवलं. अभ्यासिका बांधून झाली की रविवारी भक्ती तिथं, तोवर कडुलिंबाखाली. संपली सभा!

एकतीस वर्षं मी जागेची भांडणं मोजली. माणसं अशी जागा सोडतात हे माहीतच नव्हतं. एसटीत डोळ्यांना पाणी आलं. शेजारच्यानं विचारलं, काय झालं. धूळ म्हटलं.

२६ डिसेंबर

काल त्यांचा चर्चमधला शेवटचा नाताळ. मीही गेलो होतो. सुकेशनीनं भाताचं मोठं पातेलं उतरवलं, शंभर माणूस जेवलं.

३ जानेवारी २०२५

पहिली वीट गोमतीबाईनं काढली. रडली नाही. वीट धुवून कडुलिंबाखाली नेऊन ठेवली. आम्ही सगळे अनवाणी मागे गेलो. मग चर्चच्या अंगणात चुना मारून सुकेशनीच्या घराची ओळ मीच आखली. रेघ सरळ आली.

४ जानेवारी

सकाळी नरेंद्रकडे गेलो. नऊ वर्षांनी. उंबऱ्याबाहेर चपला काढल्या. बोळ तुझा, म्हटलं. त्यानं खुर्ची पुढे सरकवली.