बर्फाच्या तक्रारींचा गठ्ठा

आल्मविक,
१९ फेब्रुवारी

प्रिय तूवा,

तुझं कार्ड पोचलं. इकडे सगळं ठीक आहे, असं लिहायची रीत म्हणून लिहिते. गुडघा कुरकुरतो. चर्चच्या गायनमंडळात माय-ब्रिटची, तुझ्या आईची, खुर्ची अजून रिकामीच आहे, तिच्यावर सगळे आपापले कोट टाकतात. परवाच्या मंगळवारी बेकरीतून क्रीमचे बन आणले. एक आणायचा, सवयीने दोन आणले. दुसरा ताटलीत वाळून गेला. माय-ब्रिट असती तर म्हणाली असती, "इंगेर्ड, तुला हिशेब कधी जमायचा गं?"

तू विचारलं आहेस, सरकारच्या समितीला मी काय कळवलं. अजून काहीच नाही. मुदत शुक्रवारी संपते. आमच्या साहेबांनी कागद माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "एकतीस वर्षं नगरपालिकेच्या टपालाची बारनिशी सांभाळलीत, तुमच्याइतकं कोण सांगणार?" नव्या नियमाचा मसुदा मी वाचलाय. सरकारी कागद मागायला येणाऱ्याला यापुढे नाव विचारता येईल, कशाला हवा तेही विचारता येईल. पहिल्याच पानावर आल्मविकचं उदाहरण आहे. दोन वर्षं तू यासाठी जिवाचं रान केलंस. रेडिओवर तुझा आवाज ऐकला, हुबेहूब आईचा. तू म्हणालीस, "काउंटरवरच्या बाईंचा काही दोष नाही. कायद्याने त्यांचे हात बांधले होते."

ते वाक्य मला झोपू देत नाही.

आधी एक ऐक. तू लहान असशील, तेव्हा एक माणूस आठवडाभर रोज यायचा. विहिरींच्या पाण्याच्या तपासणीचे कागद मागायचा, खिडकीशी बसून वाचायचा. नाव सांगितलं नाही, मी विचारलं नाही. मग वर्तमानपत्रात आलं की शाळेच्या विहिरीत शिसं आहे, हे नगरपालिकेला चार वर्षं माहीत होतं. तो माणूस आमच्याच पाणीखात्यातला निघाला. नाव विचारलं असतं तर तो पायरीही चढला नसता. नाव न विचारण्याच्या त्या नियमाचा मला गर्व होता गं. माहेरच्या दागिन्यासारखा मिरवायची मी तो.

आता त्या दिवसाचं. अकराच्या सुमाराला तो आला. बरा, नीटनेटका, टोपी हातात. तुझ्या बापाला मी कधी पाहिलं नव्हतं. म्हणाला, "डिसेंबरपासूनच्या बर्फ उचलण्याच्या तक्रारी बघायच्या होत्या. नाव सांगावं लागेल का?"

"या देशात नाही," मी म्हटलं. वर कॉफीसुद्धा दिली.

पोलिसांनी नंतर सांगितलं, तो सहा नगरपालिका फिरला होता. प्रत्येक ठिकाणी बर्फाच्याच तक्रारी मागितल्या. माय-ब्रिट आडनाव बदलेल, फोन बदलेल, पण दारात बर्फाचा ढीग पडला की गप्प बसणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. इतकी वर्षं संसार केला होता ना.

इथवर तुलाही माहीत आहे. पुढचं माहीत नाही.

नियम फक्त 'विचारू नका' एवढंच म्हणत नाही. तो हेही म्हणतो की कागद हातात देण्याआधी पान न् पान वाचा, कुणाला इजा होईल असं काही असेल तर झाका. गठ्ठ्यात एक्केचाळीस पत्रं होती. माझ्या शेजारी बसणारा योरान म्हणाला, "एकदा चाळून घेऊ या का? अर्धा तास लागेल." मी त्याला फटकारलं. "माणूस उभा आहे, योरान. माझ्या काउंटरवर कुणाला थांबावं लागत नाही." आणि गठ्ठा तसाच पुढे सरकवला.

तुझ्या आईचा पत्ता सगळीकडे गुप्त ठेवलेला होता आणि ते मला माहीत होतं. तिचं अक्षर मी लांबूनही ओळखलं असतं. वाचलं असतं तर. ते पत्र तेविसावं होतं. "यंत्रवाले सगळा बर्फ माझ्याच पायरीवर लोटतात, मी काय त्यांचं घोडं मारलंय?" आणि खाली तिच्या हातचा पूर्ण पत्ता. चार दिवसांनी त्याने तिला त्याच पायरीवर मारलं. फावडं तिच्या हातातच होतं.

योरान चौकशीत काही बोलला नाही. मीही नाही. अंत्यविधीला तू मला मिठी मारलीस, "मावशी, तुम्ही तरी काय करणार होता?" म्हणालीस, आणि मी मान हलवली. त्या हलवलेल्या मानेवर हा सगळा मसुदा उभा आहे, तूवा. माझा अर्धा तास झाकायला आख्ख्या देशाचं दार लोटून घेताहेत, आणि ते लोटणारे हात तुझे आहेत.

आता काही थांबेल असं मला वाटत नाही. गाडा फार पुढे गेलाय. एका म्हातारीच्या कबुलीने कायदे मागे फिरत नसतात. तुझी आई तर नाहीच येत. तूही यापुढे कार्ड पाठवणार नाहीस, हे धरून चालले आहे.

हेच पत्र माझं मत म्हणून समितीला पाठवते आहे. एक प्रत आमच्या कचेरीला. उद्या सकाळी टपाल मीच फोडीन, शिक्का मारीन, बारनिशीत चढवीन. मग टेबल आवरीन. त्यानंतर कुणीही येऊन हे पत्र मागू शकेल, आणि तूर्त तरी त्याला कुणी नाव विचारणार नाही. त्या प्रतीत तुझं नाव आणि पत्ता काळ्या शाईने झाकला आहे. या वेळी ओळ न् ओळ वाचली आहे.

जिचे हात कुणीच बांधले नव्हते, ती
इंगेर्ड