कुंड्यांशी आईंच्या आवाजात

आदरणीय वन्सं,

तुमच्या धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार. (सध्या मी कुंड्यांपुढे वाकलेलीच असते, त्यातच तुमचाही नमस्कार होऊन जातो, वेगळे कष्ट पडत नाहीत.) तुमचा गुडघा कसा आहे? भाचीची परीक्षा आटोपली का? आईंना झोप लागते का, कूस बदलताना अजून कण्हतात का, सगळं सविस्तर कळवा. आम्ही दोघं ठीक आहोत. तुमचे भाऊ लिफ्टा दुरुस्त करतात आणि कुठल्याही प्रश्नावर स्वतः दोन मजल्यांच्या मध्ये अडकून राहतात, हे तुम्हाला माझ्या आधीपासून ठाऊक आहे. तुम्ही गेल्या पत्रात विचारलंत की आता तुम्हाला एकटीला झेपत नाही, तर आईंना तिकडच्या शुश्रूषागृहात ठेवायचं की इकडे आमच्याकडे परत आणायचं. त्याचं उत्तर तेच देतील. सध्याचं उत्तर 'बघू' असं आहे. मी सून, मी त्यात पडत नाही. मी आपली झाडांची खुशाली कळवायला बसले आहे, कारण आई तुमच्याकडे आठवडाभर राहायला म्हणून निघाल्या तेव्हा दारातून वळून मला एवढंच म्हणाल्या होत्या की झाडं मारू नकोस. पुढे तिकडेच त्यांना पक्षाघात झाला, वाचा गेली आणि आठवड्याचे महिने झाले. म्हणजे त्या माझ्याशी बोलल्या ते शेवटचं वाक्य तेच. असं वाक्य वाऱ्यावर सोडून देता येत नाही हो.

तर पहिली बातमी अशी की मी झाडं मारली. सगळी नाही, पण सगळ्यांना मरणाच्या दारापर्यंत नेऊन आणलं. मला झाडांतलं काही कळत नाही. माझ्या माहेरी हिरवं म्हणून फक्त मागचं दार होतं. पाणी घालणं म्हणजे माया, अशी माझी समजूत होती आणि मायेत मी हात आखडता घेतला नाही. शिवाय आईंच्या त्या जुन्या, कडा फुटलेल्या कुंड्या बघवेनात, म्हणून मी सगळ्यांना चिनी मातीच्या देखण्या कुंड्यांमध्ये हलवलं. मनीप्लांट पिवळा पडला. नेच्याच्या मुळांना पावसात विसरलेल्या मोज्यांसारखा वास येऊ लागला. मग मी घाबरून पाणीच तोडलं, तर उरलेला नेचा असा वाळला की जवळून चाललं तरी कुरकुरायचा. आणि रबराचं झाड, छताला टेकेल एवढं उंच, ते भर दुपारी एकेक पान टाकू लागलं. आवाज यायचा. टप्प. कोणीतरी बाहेरून आलं आणि एक चप्पल काढून ठेवली, असा. मी स्वयंपाकघरात दुसऱ्या चपलेची वाट बघत उभी राहायची. ती पडायला कधी तास लागायचा. रोपं विकणाऱ्या बाईंकडे रडत गेले, तर त्यांनी कुंडीच्या तळाला भोक आहे का विचारलं. नव्हतं. माझ्या एकाही देखण्या कुंडीला नव्हतं. सगळ्यांना परत आईंच्या फुटक्या कुंड्यांत घातलं. (कोरफड तेवढी या सगळ्या प्रकारात आपल्या जागी बसून होती. कोरफडीला मी आहे किंवा नाही याने काही फरक पडत नाही.)

बाईंनी आणखी एक सांगितलं की झाडांशी बोलत जा. आता बोलणं हाच माझा धंदा. परदेशी मालिकांतल्या बायकांच्या ओठांवर आपली भाषा चढवते, पडद्यावर ओठ हलले की आवाज माझा. कार्टूनमधला कोल्हा मी, आजारी राजकन्या मी, लबाड म्हातारी राणी मी. (ती म्हातारी राणी, जिला घाबरून भाची लहानपणी सोफ्याच्या मागे जायची, तो आवाज मी आईंवरून उचलला होता. तुम्ही ओळखलं नव्हतंत, मी गप्प बसले.) तर मी आधी कोल्ह्याच्या आवाजात बोलून पाहिलं. रबराच्या झाडाने दोन पानं टाकली. राजकन्येच्या आवाजात बोलले, नेचा कुरकुरला. मग स्वतःच्या आवाजात बोलायला गेले आणि वन्सं, काही सुचेचना. दिवसभर दुसऱ्यांच्या तोंडून बोलून घरी आल्यावर माझ्या आवाजात मला 'मीठ कमी पडलंय का' यापलीकडे म्हणण्यासारखं काही उरत नाही, हे मला त्या दिवशी कुंडीसमोर उभं राहून कळलं. झाडाला मीठ विचारून काय करायचं?

म्हणून शेवटी आईंचा आवाज काढला. त्या रोज सकाळी तुमच्या भावाचा डबा गेला की झाडांची हजेरी घ्यायच्या, आठवतं ना? रबराचं झाड म्हणजे ठोंब्या, नेचा म्हणजे रडूबाई, मनीप्लांट म्हणजे भटक्या. गोड शब्द एक नाही. मी त्यांच्या पलंगाच्या उशाशी उभी राहून, हात पाठीमागे बांधून, त्यांच्यासारखं म्हटलं, ठोंब्या, सरळ उभा राहा, पाहुणे आलेत असं समज. खोलीत काही हललं नाही. पण त्या दुपारी पान पडलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी रोज सकाळी जाऊन शिव्या घालू लागले, तसा शेंड्याला तांबडा टोकदार कोंब आला. भटक्याने खिडकीच्या गजाला हात घातला. रडूबाईच्या बुडातून मुठी मिटलेली हिरवी पोरं वर आली. मी आनंदाने तुम्हाला तेव्हाच लिहिणार होते, पण खालच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर जिन्यात भेटले आणि दबक्या आवाजात म्हणाले, तुमच्या सासूबाई परत आल्या वाटतं, सकाळी ऐकलं. मी नाही म्हणाले. ते आल्या पावली घरात गेले. संध्याकाळपर्यंत त्यांच्या दाराबाहेरचे सगळे बूट-चपला आत गेल्या होत्या. वर्षानुवर्षं आईंनी सांगून जे झालं नाही ते नुसत्या आवाजाने झालं. वरच्या मजल्यावरची मंडळीही आता लिफ्टचं दार नीट लावतात. तुमचे भाऊ एकदा कामावरून अवेळी आले, तर हत्यारांची पेटी हातात धरून बाहेरच उभे. मी दार उघडलं तेव्हा त्यांनी बूट काढलेले होते, नीट जोडीने ठेवलेले. झालं का तुझं, एवढंच म्हणाले. आईंच्या खोलीत ते येत नाहीत. त्या गेल्यापासून एकदाही आलेले नाहीत.

इथपर्यंत गंमत होती. पुढचं मी तुम्हाला सांगते ते ज्या क्रमाने घडलं त्या क्रमाने सांगते, मग काय समजायचं ते समजा.

झाडं उजेडाकडे वळतात, एवढं मलाही शाळेत शिकवलं होतं. आपली झाडं खिडकीकडे पाठ करू लागली. रबराची पानं, मनीप्लांटची वेल, नेच्याच्या मुठी, सगळं पलंगाच्या दिशेने झुकलं. आधी मला वाटलं मी उशाशी उभी राहते म्हणून माझ्याकडे बघतात, आणि जरा फुगले. मग मी मुद्दाम दारात उभी राहून बोलू लागले. ती पलंगाकडेच. मी कुंड्या फिरवून ठेवल्या. दोन दिवसांत पुन्हा पलंगाकडे, रिकाम्या उशीकडे तोंड करून, वर्गात शिक्षिका बसल्या आहेत अशा शिस्तीत. मी एकदा उशी झटकायला गेले आणि उशीला मध्ये खळगी होती. असेल, जुनी उशी आहे. मी चादर बदलली, उशी तशीच राहू दिली.

मग शब्द. मी काही पाठ करून जात नाही, तोंडाला येईल ते बोलते. एके सकाळी माझ्या तोंडून आलं, "गोटी, आधी तोंड पूस, मग खिडकीत बस." आता आपल्या झाडांत गोटी नावाचं कोणी नाही. मला वाटलं धंद्यातलं काहीतरी जुनं वर आलं. जेवताना सहज तुमच्या भावांना विचारलं, गोटी कोण. त्यांचा हात ताटात थांबला. ते म्हणाले, "ताईला म्हणायची. ती शाळेत जायच्या आधी. तुला कोणी सांगितलं?" मला कोणी सांगितलं नव्हतं, वन्सं. तुम्ही तरी सांगितलं होतंत का? लग्नाला इतकी वर्षं झाली, मला तर आठवत नाही. त्यांनी ताट तसंच ठेवलं आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले.

त्याच सुमारास स्टुडिओत घोटाळा झाला. साबणाच्या जाहिरातीतली तरुण आई बाळाला म्हणते, किती छान वास येतोय. मी म्हटलं ते आईंच्या आवाजात. बाळ खोटं होतं, पण काचेपलीकडची जाहिरातवाली मुलगी खरोखर उठून उभी राहिली. आमचा ध्वनिमुद्रक आहे, दिवसभर सगळ्यांना चूप करतो म्हणून त्याला चूपच म्हणतात. त्याने मला बाजूला घेऊन बाई झोप पुरी होत नाही का विचारलं. मी त्याला सगळं सांगून टाकलं. तो भुताखेतांना मानत नाही, फक्त घरघर आणि खरखर मानतो. रविवारी सकाळी मायक्रोफोन घेऊन आला, खोलीत लावला, दाराबाहेर बसला. मी हजेरी घेतली, ठोंब्या, रडूबाई, भटक्या. मग त्याने हेडफोन माझ्या कानावर ठेवला. आम्हा आवाजाच्या लोकांना आपला श्वास ओळखता येतो, तो पुढे कापावा लागतो ना. मी नाकाने श्वास घेते, आवाज कोणाचाही काढला तरी श्वास माझाच. तो मला ऐकू आला. आणि त्याच्या जरा आधी दुसरा, तोंडाने घेतलेला, बारीक शिट्टी वाजणारा. आईंच्या पुढच्या दातांत फट आहे, तिथून वाजते ती. प्रत्येक वाक्याआधी. म्हणजे मी बोलायला सुरुवात करायच्या आधी कोणीतरी सुरुवात करत होतं. चूपने ते तीनदा ऐकलं आणि पहिल्यांदाच कोणाला चूप न म्हणता स्वतःच गप्प बसला.

आता तुमचं पत्र. त्यात तुम्ही जाता जाता लिहिलं होतंत की आई रोज सकाळी थोडा वेळ ओठ हलवतात, आवाज येत नाही, डॉक्टर म्हणतात सवयीची हालचाल आहे, लक्ष देऊ नका. मी लक्ष दिलं. भाचीला फोन करून म्हटलं, आजीचा एखादा व्हिडिओ पाठव, बघावंसं वाटतं. तिने जो पाठवला तो नेमका त्याच रविवारी सकाळी काढलेला निघाला. मी तो चूपकडे नेला. माझी अर्धी जिंदगी हलणाऱ्या ओठांखाली आवाज बसवण्यात गेली आहे, कधीही पहिल्यांदा बसत नाही, ओढावं लागतं, कापावं लागतं, एखादा शब्दच बदलावा लागतो. चूपने चित्राखाली त्या सकाळचा आवाज सोडला. ठोंब्याला ओठ मिटले. रडूबाईला उघडले. भटक्यावर त्यांच्या कपाळाला आठी पडली, तिथेच माझ्या आवाजातही पडली होती. त्याने काही ओढलं नाही, काही कापलं नाही. तो म्हणाला, "बाई, हे डबिंग नाही. हे मूळ आहे."

पडद्यावर आईंच्या हनुवटीला दूध लागलेलं होतं. तुम्ही पुसत होतात, तुमचा हात दिसला. त्या तुमच्याशी बोलत नव्हत्या. त्या इथे होत्या, त्यांच्या खोलीत, कामावर. मी स्टुडिओतून बाहेर आले आणि जिन्यात बसून राहिले.

तर एकूण झाडं बरी आहेत. मोठ्यांना नमस्कार, भाचीला आशीर्वाद. काळजी करू नका आणि गुडघ्याला गरम शेक देत जा.

तुमची धाकटी भावजय

ता. क. मी त्यात पडत नाही असं वर लिहिलं आहे. पडते. आईंना शुश्रूषागृहात ठेवू नका. तिथल्या खोलीत खिडकी असेल, पण त्यांना जिथे जायचं आहे ती खोली इथे आहे आणि त्या रोज येऊन-जाऊन दमतात. नुसता आवाज मी किती दिवस सांभाळू? माणसाला घेऊन या. कूस बदलणं, दूध पाजणं मी शिकेन. जी बाई कुंडीचं भोक बघायला शिकली ती एवढंही शिकेल.

आणखी एक. तुमच्या भावांना मी यातलं काही कळवलेलं नाही, पण काल संध्याकाळी ते आईंच्या खोलीत गेले. मी दारातून पाहिलं. पलंगाची उंची कमी करण्यासाठी पायांची मापं घेत होते. विचारलं तर 'बघू' म्हणाले.

आणखी एक. माझं डोकं फिरलंय असं तुम्हाला वाटणार, वाटू दे. तरीही आईंना पाठवाच. डोकं फिरलेल्या बाईजवळ घरात कोणीतरी मोठं माणूस हवंच की नाही?

सर्वात शेवटचं. पाकीट पुन्हा उघडून लिहिते आहे. मी आईंच्या खोलीत टेबलाशी बसून पाकिटाचा डिंक जिभेने ओला करत होते, म्हणजे वन्सं, माझी जीभ पाकिटावर होती, तेवढ्यात पलंगाकडून नीट ऐकू आलं, "गाडीत मला पुढे बसवा म्हणावं. मागे मळमळतं." मला हे माहीत नव्हतं. तुम्हाला माहीत असेल तर तेवढं बघा.