पडवीत सापडलेलं जनावर

३ डिसेंबर
काय करतेय ही पोर! बाजारातून मासे विकून आले तर पडवीभर माती. सुरमईचा काटा मी टाकायला ठेवला होता. किशोरीने तो धुऊन ओल्या मातीत दाबला. मग काटा उचलला — आणि मातीत मासा तसाच राहिला! बारीकसारीक काट्यांसकट.
माझा मुलगा देवेश होडीवरून परत आला नाही, त्याला आता चौथं वर्ष. तेव्हापासून माझ्या या सुनेने मातीला हात लावला नव्हता. लग्नाआधी कलाशाळेत शिकलेलं सगळं तसंच पडून होतं. काटे यापुढे टाकायचे नाहीत.

९ डिसेंबर
किशोरी मला सड्यावर, कातळाच्या माळावर घेऊन गेली. कातळात मासा कोरलेला — माणसापेक्षा मोठा! फार जुन्या काळातला म्हणे. कोणी कोरला, कोणाला ठाऊक नाही. मग मोबाइलवर दगड झालेले मासे दाखवले. जीवाश्म. मी म्हटलं, "मरान दगड झाले, तरी पोहतत कशे बघ!"
ती म्हणाली, "आये, माका असोच एक मासो करूचो आसा. मोठो."

२८ डिसेंबर
केवढं जनावर! अर्धं मासा, अर्धं होडी. मणके माशाचे, फासळ्या होडीच्या. एकेक तुकडा घडवते नि पडवीत ओळीने मांडते, जसं काही आत्ताच खणून काढलंय. पोटाच्या बाजूला शंखांचे, जाळ्याचे ठसे.
आयुष्यभर मासे कापले मी. माशाच्या आत एवढं देखणं काही असतं, हे कधी दिसलंच नाही! फासळीवर हात ठेवला. देवेशची होडी आठवली. रडू आलं. पण बरं वाटलं.

११ जानेवारी
आम्ही दोघी कसाल गावाला गेलो. किशोरीचे तुकडे तिथे निलेशच्या भट्टीत भाजायला दिले होते. निलेशही मातीचीच कामं करतो. तो आणि त्याची आई आनंदीबाई, दोघंच घरात. शांत माणूस.
भट्टी उघडली — जनावराचं डोकं मधोमध तडकलेलं! एवढी मेहनत!
निलेशने दोन्ही तुकडे तिच्यासमोर ठेवले. "जमिनीतून साबूत काय येता गो? असाच ऱ्हवानदे."
ती तड्याकडे बघत राहिली. आणि हसली. मोठ्याने! देवेश गेल्यापासून ऐकलं नव्हतं ते हसू.
तिच्यासाठी बरं वाटत होतं, आणि सहनही होत नव्हतं.

१२ जानेवारी
आज लिहवत नाही.

२ फेब्रुवारी
मालवणात प्रदर्शन! भर हॉलमध्ये वाळू पसरून तिच्यावर जनावर मांडलं. तडकलेलं डोकं सगळ्यात पुढे. एका म्हाताऱ्या खलाशाने चपला काढल्या, भोवतीने फिरला, मग हळूच विचारलं, "ह्या जनावर खंय गावला?"
"आमच्या पडवीत," किशोरी म्हणाली.
माझी छाती फुगली! सगळ्यांना सांगत सुटले — माझ्या सुनेनं केलंय, माझ्या.
निलेश लांब कोपऱ्यात उभा. तिची कोणी तारीफ केली की उजळायचा चेहरा त्याचा.

३ फेब्रुवारी
सरळच विचारलं. "निलेश कसो वाटता गो तुका?"
माती मळणारे तिचे हात थांबले. "त्यानी विचारल्यान माका. मी नाय म्हणान सांगलंय."
"कित्याक?"
"तुमका एकटा सोडून माका खंय जावचा नाय, आये."
"आवडता काय पण?"
तिचे डोळे भरले.

५ फेब्रुवारी
आज बाजाराला गेलेच नाही. कसालला गेले, एकटी. आनंदीबाईंनी चहा दिला. म्हणाल्या, "सून कशी आसा तुमची?"
म्हटलं, "सून म्हणू नकात, लेक म्हणा. माझ्या चेडवासाठी तुमचो झील निलेश मागूक इलंय."