ट्रॅक्टरला बांगड्या भरल्या तो दिवस

आबा, तुम्ही बर्फ पाहिला तो जत्रेतल्या गोळेवाल्याच्या गाडीवर, लाकडाच्या भुशात गुंडाळलेला. इथे तो आभाळातून फुकट पडतो आणि पडला की सगळ्यांना नकोसा होतो. मी सांगते आहे आणि सून लिहिते आहे. मला अक्षर येत नाही हे तुमच्याइतकं कोणाला ठाऊक? शाळेच्या वयात तुम्ही माझ्या खांद्यावर बांगड्यांच्या माळा दिल्यात आणि बाजारोबाजार फिरवलंत. तक्रार नाही. फक्त आता मी जे सांगेन ते आधी सुनेला कळणार आणि मग तुम्हाला, असा हा कारभार आहे. ती विचारते, "आई, वर 'प्रिय आबा' घालू का?" म्हटलं, नको गं, त्यांना वाटेल दुसऱ्या कोणाचं पत्र आलं.

सहा महिन्यांसाठी म्हणून मी नेदरलँडला लेकाकडे आले आणि जगाला कुलूप लागलं. विमानं बंद, दुकानं बंद, तोंडंसुद्धा बंद. दोन हिवाळे इथेच निघाले. लेकाचं काम रॉटरडॅमच्या बंदरातलं. पूर्वी ऑफिसात जायचा, आता जेवणाच्या टेबलावर बसून जहाजातले कंटेनर इकडचे तिकडे करतो आणि मला सांगतो, "आई, कुकर लावू नकोस, मीटिंग आहे." जहाज थांबत नाही, आमचा भात थांबतो. घर शहराबाहेर, पाण्याच्या कडेने घातलेल्या उंच बांधावर आहे. बांधावर एकच अरुंद रस्ता आणि दोन घरं, एक आमचं, एक शेजाऱ्यांचं. इथे शेजाऱ्याला बूरमन म्हणतात, मीही तसंच म्हणते. बूरमन ऐंशीच्या घरातले, ताडमाड उंच, एका गुडघ्यात लोखंड बसवलेलं. मला ते ओमा म्हणतात, म्हणजे आजी. स्वतः माझ्याहून मोठे असून. मी चालवून घेते.

त्यांची बायको आदल्या वर्षापासून गावातल्या केअर होममध्ये होती. माणसं कधी ओळखायची, कधी नाही. कोरोनापायी तिथे दिवसाला एकाच माणसाला आत सोडत, तेही तासभर, आणि दारात त्याला नुसता खोकला आला तरी परत पाठवत. तो तास जाऊ नये म्हणून बूरमन कोणाच्या वाऱ्याला उभे राहत नसत. दीड मीटर म्हणजे दीड मीटर. मी थालीपीठ द्यायला गेले की ताटली बाहेरच्या बाकावर ठेवायची, मागे सरायचं, मग ते पुढे येऊन उचलणार. आपल्या गावातल्या सोवळ्यातल्या बायका यापुढे काहीच नव्हत्या.

तर दुसऱ्या हिवाळ्यात एकदा रात्रभर बर्फ पडला, इथल्या माणसांनीही वर्षानुवर्षं पाहिला नव्हता असा. सकाळी उठून बघते तर रस्ता कुठे आणि पाणी कुठे ते कळेना. आणि नेमका त्याच सकाळी बूरमनना केअर होममधून फोन आला, की बाईंचं आता काही खरं नाही, यायचं तर लगेच या. टॅक्सी यायला तयार नाही. नगरपालिकेची बर्फ लोटणारी गाडी आधी मोठे रस्ते करणार, मग सवडीने बांधाकडे बघणार. लेकाने आमची गाडी काढायचा प्रयत्न केला, ती फाटकातच आडवी झाली. चालत जावं तर तो गुडघा आणि हा गुडघाभर बर्फ. मग बूरमननी शेडचं दार उघडलं. आत त्यांचा छोटा ट्रॅक्टर होता, घरामागचं गवत कापायचा. आपल्याकडच्या ट्रॅक्टरचं पोर शोभेल एवढा. त्याच्या चाकांना बर्फात घालायच्या साखळ्या त्यांनी कधीकाळी घेऊन ठेवल्या होत्या आणि एकदाही घातल्या नव्हत्या.

मी खिडकीतून बघते आहे. दोघांनी बटाट्याच्या पोत्यातून साखळ्या बाहेर काढल्या, तर नुसता गुंता. तो सोडवून बर्फावर पसरल्यावर समजलं की ही शिडीसारखी जाळी आहे. ती मागच्या चाकावर वरून टाकायची, दोन्ही बाजूंनी खाली ओढायची आणि टोकं अडकवायची, एक आकडा चाकाच्या आतल्या अंगाला, एक बाहेरच्या. काम दोन माणसांचं, एकाने आतून धरायचं, दुसऱ्याने बाहेरून ओढायचं. पण दीड मीटर! लेक पुढे झाला की बूरमन मागे सरतात, बूरमन पुढे आले की लेक मागे. एकाने ओढून धरलेलं टोक दुसऱ्याच्या हाती जाईपर्यंत सुटलेलं असतं. हातमोजे घालून आकडा लागत नाही आणि उघड्या हाताला लोखंड चिकटतं. शेवटी आतला आकडा लागला तर बाहेरच्या दोन टोकांत वीतभर अंतर उरलं. बूरमन ओढताहेत, मान लाल झाली आहे. मला राहवेना. लुगड्यावर लेकाचं जाकीट चढवलं आणि बाहेर गेले. लेक ओरडला, "आई, आत जा, घसरशील." म्हटलं, मी घसरले तर मला उचलू नका, दीड मीटर लांबून हाका मारा.

आबा, मला तुमचं गिऱ्हाइकाशी पहिलं बोलणं आठवलं. बाजारात एक बाई बसली होती, ऊस तोडून हात दगड झालेला. तुम्ही तिचा पंजा हातात घेऊन म्हणालात, "काय गं, हात आणलास का पाटा? सासूला मसाला वाटून देतेस का यावर?" बाई फिसकन हसली आणि हसू ओठावर असेपर्यंत बांगडी मनगटावर जाऊन बसली. मला वाटायचं, माझा बाप मोठा थट्टेखोर. तुम्ही हसवायचात ते तिचा हात ढिला पडावा म्हणून, हे मला फार उशिरा कळलं. एकदा मीही तुमच्यासारखी बोलायला गेले आणि एका पोरीच्या तोंडाकडे बघत बसले, बांगडी चटकन फुटली. तुम्ही रागावलात. "तोंडाने बोल, पण डोळे हातावर ठेव." बस, तेवढंच माझं शिक्षण.

मग मी बूरमनना म्हटलं, "काय हो, चाक आहे की रुसलेली नवरी? एवढं दामटता कशाला?" आणि लेकाला म्हटलं, सांग त्यांना. तो म्हणतो, "आई, हे मी डचमध्ये काय सांगू?" सांगितलं नाही त्याने. बूरमन नुसते बघत राहिले, डोळ्यांत पाणी, थंडीचं असेल. आयुष्यभर मी जिभेवर माणसं सैल केली आबा, आणि त्या अंगणात माझी जीभ उपयोगाची नव्हती. शेवटी हात पुढे केला. माझ्या मनगटातली हिरवी बांगडी त्यांना दाखवली. पंजा ताठ धरून ओढली, निघाली नाही. अंगठा आत घेतला, हात सैल सोडला, काढली, परत चढवली. मग चाकावर थाप मारली. बूरमननी माझ्या हाताकडे बघितलं आणि "लुख्त," म्हणाले. म्हणजे हवा. त्यांनी खिळ्याने व्हॉल्व्ह दाबून टायर मऊ केला. साखळी अशी बसली, आबा, तुम्ही पाहायला हवी होती. दोन्ही चाकांना बांगड्या भरल्या, आकडे लागले.

आणि मग हवा परत भरेना. आमच्या सायकलच्या पंपाचं तोंड त्या व्हॉल्व्हला बसत नव्हतं. बूरमनच्या पंपाचं बसत होतं, पण त्याचं वायसर वाळून कडक झालेलं, दहादा दाबावं तेव्हा एकदाची हवा आत जाणार. सुनेने थिजलेलं खोबरेल गरम करून आणलं, ते पंपात सोडलं. लेक दाबतो आहे, थांबतो आहे, पुन्हा दाबतो आहे. बूरमन बाकावर बसले, हात गुडघ्यांवर, नजर गावाच्या दिशेला. चर्चचा मनोरा दिसतो तिथून, त्याच्या पलीकडेच ते केअर होम. मी त्यांच्यासमोर उभी, मधे दीड मीटर बर्फ. चहा आणला, तो बाकाच्या टोकाला ठेवला. प्यायले नाहीत.

ऊन वर आलं तेव्हा ट्रॅक्टर निघाला. काय छान गेला! साखळ्या खुळखुळत, कुठे घसरणं नाही. वाटलं, तुमच्याकडून चुडा भरून बाई घरी निघाली. मी लेकाला म्हणालेही तसं.

बूरमन पोचले तेव्हा बाई गेलेली होती. फार वेळ झाला नव्हता, असं तिथल्या नर्सने त्यांना सांगितलं. ते तिने कशाला सांगितलं कोण जाणे. लेक म्हणतो, "आई, हवा सोडली नसती तर साखळी बसलीच नसती, मग तर गेलेच नसते." सून म्हणते, तशीही ती शुद्धीवर नव्हती. दोघं माझा हात ढिला करायला बघतात, कळतं मला. मी हो म्हणते. पण फोन आल्याआल्या मोठ्या रस्त्यावरच्या कोणाला बोलावलं असतं तर, वीतभर अंतर दोरीने बांधलं असतं तर, मी आतच राहिले असते तर, हे रोज तांदूळ निवडताना मनात येतंच. कोणाला विचारणार? बूरमनना विचारायला भाषा नाही. आणि भाषा असती तरी काय विचारणार?

तुमची आणखी एक आठवण आहे, ती मी कधी कोणाला सांगितली नाही कारण त्यात काही घडत नाही. एक सासू तिच्या सुनेला घेऊन आली होती. त्या पोरीचं मूल गेलं होतं आणि रिकामे हात बरे दिसत नाहीत म्हणून आणली होती. तुम्ही तिचा हात धरलात आणि थट्टा केली नाहीत. बांगडीही घेतली नाहीत. नुसता धरून बसलात. बाया खोळंबल्या, सासू म्हणाली, "अहो कासार, भरा ना." मी माळ पुढे करत होते, तुम्ही बघितलं नाहीत. बऱ्याच वेळाने म्हणालात, "आज नको बाई. पुढच्या बाजारी या." मला तेव्हा वाटलं, एक गिऱ्हाईक गेलं.

आता उन्हाळा आलाय. बूरमन गवत कापतात, पण साखळ्या अजून त्यांनी काढलेल्या नाहीत. कोरड्या विटांच्या रस्त्यावर ट्रॅक्टर आला की केवढा आवाज होतो. त्यांना सांगावं असं लेकाच्या मनात येतं, मी त्याला गप्प करते.

हे पत्र कुठे टाकायचं, सून विचारते. गेलेल्या माणसाचा पत्ता कुठला? ठेव माझ्या बांगड्यांच्या डब्यात. पण त्याआधी एवढं लिही. त्या दिवशी संध्याकाळी बूरमन परत आले तेव्हा घरात सगळे फोनवर होते आणि मी फाटकाशी उभी होते. ते ट्रॅक्टरवरून उतरले आणि उतरल्या जागीच उभे राहिले. हात उघडे, निळे पडलेले. मी दीड मीटर चालून गेले, आबा. त्यांचा हात धरला. लाकूड होता नुसता. बराच वेळ धरून ठेवला, ढिला काही झाला नाही. मग त्यांनीच सोडवून घेतला आणि आत गेले. घरात लहान नात आहे, तिला माझ्याकडून रोग लागू नये म्हणून गुडघे धरलेत असं सांगितलं आणि पुढचे कितीतरी दिवस माझ्या खोलीतच जेवले, दार लावून.

सुनेचं पेन थांबलं आहे. "म्हणजे आई, तेव्हा गुडघे दुखत नव्हते?"

दुखत होते, आबा. तेही दुखत होते.