चार ब्लॉकवरचं जेवण

प्रिय विजू,

‘प्रिय’ लिहिताना हात अडखळला, खोटं कशाला बोलू? समोर असतीस तर आठवडाभर तुझ्याशी बोलले नसते, इतकी चिडले आहे. पण बर्फावरून ती गाडी घसरली आणि तू गेलीस, त्याला आज तीन आठवडे झाले. भांडायचं तर आहेच. म्हणून हॉटेलच्या या कागदांवर लिहायला बसले.

आज तुझ्या मावशीकडे जाऊन आले. होय, त्याच मावशीकडे! ‘पार शहराच्या टोकाला, डेव्हन ॲव्हेन्यूच्याही पलीकडे राहते, दोन बस बदलाव्या लागतात, तू कंटाळशील,’ असं सांगून दर रविवारी एकटीच जायचीस ना? मावशींनी फोनवर सांगितलेल्या पत्त्याची चिठ्ठी घेऊन निघाले, तर दहा मिनिटांत दारात उभी! आपल्या हॉटेलपासून चार ब्लॉक, विजू. फक्त चार चौक. त्याच रस्त्यावरून आपण नूडल्स शोधत किती वेळा गेलो असू. तेव्हा वर खिडकीकडे एकदा तरी बघितलंस का गं?

आठ महिने आपण एका खोलीत काढले. दोन हजार साल उजाडताच कॉम्प्युटर कोलमडतील या धास्तीपायी कंपनीने आपल्याला शिकागोत आणून टाकलं. खोलीत स्वयंपाकाला बंदी, आणि खालच्या रेस्टॉरंटात मला चालेल असा पदार्थ एकच, उकडलेला बटाटा. मग रोज ऑफिस सुटलं की आपली शोधमोहीम! मी शाकाहारी, म्हणून आपण दोघी शाकाहारी, हे मीच ठरवून टाकलेलं. यादी मात्र तू करायचीस, फोनशेजारच्या पॅडवर. तळघरातल्या फलाफलवाल्यापुढे ‘रोज चालेल’. कोपऱ्यावरच्या थाई बाईंपुढे ‘टोफू जास्त मागणे’. आणि ते चकचकीत इटालियन, जिथे सूप संपल्यावर वेटर म्हणाला, "नो मीट, ओन्ली चिकन ब्रॉथ," त्याच्यापुढे ‘शत्रूला पाठवणे’! मी रडकुंडीला आले होते आणि तू पोट धरून हसत होतीस. मला वाटलं, धक्का बसलाय बिचारीला.

बिचारी म्हणे! आज जेवताना मावशी सगळ्यांना सांगत होत्या, "विजूला माझ्या हातचं मटण लागायचं. म्हणायची, मावशी, हप्ताभर घासफूस खाऊन राहिली मी. अन् दोन-दोनदा रस्सा मागायची." मी मान डोलावत बसले. तू मटण खातेस हेच मला ठाऊक नव्हतं! मी कधी विचारलं नाही, हे खरं. पण आठ महिन्यांत एकदा तरी तू म्हणायचंस, ‘शुभे, आज माझ्यासाठी चिकन.’

पण मटणाचं जाऊ दे. जेवणाआधीचं सांगते. त्यांच्या बिल्डिंगच्या पार्टी रूममध्ये तुझ्या पुण्यानुमोदनासाठी, म्हणजे श्रद्धांजलीसाठी, वीस-पंचवीस माणसं जमली होती. टेबलावर पांढरं कापड, त्यावर बुद्धमूर्ती आणि शेजारी तुझा फोटो. सगळे हात जोडून उभे राहिले आणि त्रिशरण सुरू झालं. तुझी सगळ्यात जवळची मैत्रीण म्हणून मला अगदी पुढे उभं केलेलं, आणि मला एक शब्द येईना. मी शेजारणीच्या ओठांकडे बघत राहिले. तू बौद्ध होतीस, हे मला असं कळलं. पाहुणीसारखं, तुझ्या फोटोसमोर! अगं, तुझी चहात साखर किती, हेसुद्धा मी लोकांना सांगत फिरायचे. आणि एवढं मोठं मलाच माहीत नसावं?

मग तिथेच, उभ्या उभ्या, आपली पहिली संध्याकाळ आठवली.

"भालेराव म्हणजे देशस्थ ना?" मी विचारलं होतं, आणि उत्तराची वाट न बघता निकालही देऊन टाकला होता. भालेराव तुमच्यातही असतात, हे आम्हा पुणेकरांना कोण सांगणार! फलाफलची ताटली मध्ये ठेवून दोघींनी खायला घेतलं आणि मी म्हणाले, "बरं झालं बाई, आपल्यातलीच मिळालीस. नाहीतर एका ताटात जेवायचं म्हणजे कोण कुठली, काय सांगावं?"

तू काहीतरी बोलणार होतीस. तोंड उघडलंही होतंस. मग मेनूकार्ड उचललंस आणि म्हणालीस, "भात सांगायचा का?"

मी बोलले ते घाणेरडं होतं. कबूल. पुण्यात घरीदारी असंच बोलतात, वगैरे काही मी सांगणार नाही. पण तू का गिळलंस? मॅनेजरला तोंडावर ‘नो’ म्हणणारी तू, बिलात चूक दिसली तर मालकाला बाहेर बोलावणारी तू, माझ्यापुढेच मूग गिळून बसलीस? ताटली माझ्या अंगावर फेकायची होतीस! दोन दिवस रडले असते, मग आले असते माफी मागायला. आले असते ना गं? की तुला तेवढीही खात्री वाटली नाही? माझा राग नेमका इथे आहे. मी मैत्रीण मैत्रीण म्हणून तुझ्या गळ्यात पडत होते आणि तू मला सांभाळून घेत होतीस, एखाद्या तऱ्हेवाईक पाहुण्याला सांभाळतात तशी.

निघताना मावशींनी मला बाजूला घेतलं. "कितीदा म्हटलं तिला, शुभदाला घेऊन ये. म्हणायची, आणीन, पहिले तिला एक गोष्ट सांगायची आहे. वांग्याची भाजी, भाकरी, तुझ्यासाठी बांधून द्यायची मी. ती दारापर्यंत न्यायची अन् परत ठेवून द्यायची. काय होतं वं तिच्या मनात? तुला माहीत आहे?"

"नाही, मावशी," मी म्हणाले.

म्हणजे तिथेही तू माझी चुगली केली नाहीस! आपल्या माणसांतही माझी लाज राखलीस. हे तर मला अजिबात सहन होत नाही, विजू.

तेवढ्यात मावशींनी कॉलिंग कार्डावरून नागपूरला फोन लावला आणि तुझ्या आईशी बोलता बोलता रिसीव्हर माझ्या हातात दिला. काकूंचा आवाज अगदी तुझ्यासारखा आहे. एवढंच विचारलं त्यांनी, "फोनवर म्हणायची, सगळं मस्त आहे. तू तर सोबत होतीस. खरं सांग बाई, माझी पोर तिथं पोटभर जेवत होती ना?"

मी म्हणाले, "हो काकू. अगदी पोटभर."

"बरं वाटलं," त्या म्हणाल्या. आणि रडायला लागल्या.

उद्या ऑफिसला जायच्या आधी मी त्यांना पत्र टाकणार आहे. त्यात लिहीन, काकू, मी खोटं बोलले. तुमची विजू माझ्यासमोर आठ महिने मन मारून जेवली, आणि त्याला कारण मी होते. त्या पहिल्या संध्याकाळी मी काय म्हणाले, तेही शब्द न बदलता लिहीन. वाचून त्या माझं तोंड बघणार नाहीत कदाचित. पण तू जे ऐकून घेतलंस, ते तुझ्या आईपासून मी लपवणार नाही. एवढा शब्द देते.

तू मानलंस की नाही, हे आता कधीच न कळणारी,
तुझी मैत्रीण
शुभदा